‘जी नहीं लगता, जी’

मे महिन्यातली दुपार. हॉलमधलं सामान मधोमध ढकलून त्यावर जुन्या चादरी टाकलेल्या, भिंतींना लांबी भरून झालेली, आणि रंगारी घोडीवर बसून पॉलिशपेपरने ती घासत होता. घरभर कणकेसारखी पांढरी भुकटी. पंखा बंद, कारण पंखा लावला की ती सगळी स्वयंपाकघरात येते. त्या पसाऱ्याच्या कडेला उरलेल्या एकुलत्या खुर्चीत बाबा बसले होते, मांडीवर पेपर, आणि अधूनमधून वर बघून रंगाऱ्याशी हिंदीत गप्पा. मी आत ओट्यापाशी उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होते. ‘काही विचारू नकोस, भय्या आलाय रंग द्यायला, अजून चार दिवस असंच,’ असं काहीतरी. तेवढ्यात बाबांनी त्याला विचारलं की पुण्यात किती वर्षं झाली. सात, तो म्हणाला. गाव गोरखपूरच्या पलीकडे. मग इथे करमतं का, असं बाबांनी त्यांच्या पुस्तकी, ठाकठीक हिंदीत विचारलं. भिंतीवरची खरखर थांबली. ‘काम तो है. लेकिन यहाँ जी नहीं लगता, जी.’

मग खरखर पुन्हा सुरू झाली.

रात्री जेवताना बाबांनी ते वाक्य पुन्हा काढलं. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि जन्मभर त्यांनी हायस्कुलात हिंदी शिकवलं. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची कोविद परीक्षा त्यांनी विशीत दिली. तिचं प्रमाणपत्र अजून काचेच्या चौकटीत आहे आणि रंगकामामुळे त्या दिवसांत माझ्या पलंगाखाली होतं. ‘एका वाक्यात दोनदा जी,’ ते म्हणाले. ‘एक मनाचा, एक मानाचा. हे दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार सारखा म्हणून फसू नका, असं मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. आज त्याच्या तोंडून ऐकलं आणि वाटलं, कशावरून वेगळे?’ मी आमटी वाढत होते. खरं सांगायचं तर शब्द कुठून आला याचं मला त्या घडीला काही पडलेलं नव्हतं. मला टोचत होतं ते दुसरंच. मी ‘भय्या आलाय’ म्हटलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि घोडी दारापासून चार हातांवर. सात वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला मराठीतला ‘भय्या’ कळत नसेल, असं समजायला काही जागा नव्हती.

पण बाबा एकदा शब्दाच्या मागे लागले की सोडत नाहीत, आणि पुढचे दोन दिवस त्या ढिगाऱ्यात आमच्या घरात हेच चाललं होतं. पहिल्या ‘जी’बद्दल वाद नाही. संस्कृत ‘जीव’, तो प्राकृतात झिजून ‘जीअ’ झाला आणि हिंदीत ‘जी’. आपण शेवटचा ‘व’ जपून ठेवला, त्यांनी सोडून दिला. त्यांचा जी भर आता है, जी ललचाता है, आळशी माणूस कामातून जी चुराता है. आपला जीव टांगणीला लागतो, भांड्यात पडतो, खालीवर होतो. भांडण आहे ते दुसऱ्या ‘जी’चं, नावाच्या शेपटाला लागणाऱ्या. त्याच्याबद्दल पंडितांचं एकमत नाही. एक मत असं की तोही ‘जीव’च आहे, फक्त हा जीव म्हणजे आज्ञा: ‘जग’, ‘जगत राहा’. मोठ्या माणसासमोर उभं राहिल्यावर आधी त्याला आयुष्य चिंतायचं आणि मग काय ते काम सांगायचं. दुसरं मत ‘आर्य’पासून निघतं. प्राकृतात त्याचा ‘अज्ज’, हाक मारताना ‘अजी’, आणि बोलण्याच्या घाईत पुढचा ‘अ’ गळून ‘जी’. तिसरे लोक ‘श्रीयुत’मधल्या ‘युत’कडे बोट दाखवतात, कारण ब्रज-बुंदेलखंडाकडे ‘जी’च्या जागी ‘जू’ म्हणायची रीत आहे; आणि कुमाऊंपासून पुढे तर ‘ज्यू’. नेपाळात पंतप्रधानांना ‘प्रधानमन्त्रीज्यू’ म्हणतात. ऐकायला गोड लागतं.

बाबा पहिल्या मताचे. मला दुसरं आवडलं, कारण आपले ‘आजा’ आणि ‘आजी’ त्याच ‘आर्य’-‘अज्ज’च्या वाटेने आलेत, आणि कुणा मिश्राजींच्या मागे एक आजी दडून बसली आहे ही कल्पना मला फार भावली. ‘आवडलं म्हणून खरं होत नाही,’ असं बाबा म्हणाले. त्यांचं स्वतःचं मतही आवडीवरच बेतलेलं होतं, पण ते असो. त्यांचं खरं धरलं तर एक मजा आहे. आपण पत्राच्या मायन्यात ‘चि.’ लिहायचो. ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.’ चिरंजीव, म्हणजे पुष्कळ जग. मोठ्यांना मात्र ‘तीर्थरूप’ आणि ‘शि. सा. न.’, त्यांना आयुष्य कोण चिंतणार? ते काम मोठ्यांनी लहानांसाठी करायचं. हिंदीने तोच शब्द उलटा, खालून वर पाठवला. लहानाने मोठ्याला म्हणायचं, जगा. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला यातलं कुठलं जास्त उपयोगी पडेल, हे मी विचारलं नाही.

‘आणि तुला आठवते का,’ बाबा म्हणाले, ‘हे वाक्य तर आपल्या गावचं आहे. इथी जीव लागत नाही जी. बाईमायसं माहेराहून आलं की हेच म्हणत.’

मला आठवत होतं. आमचं गाव मोर्शीजवळ, अमरावती जिल्ह्यात, संत्र्यांच्या मुलखात. तिथे आमच्या घरी हाक मारली की ‘ओ’ द्यायची पद्धत नव्हती, ‘जी’ म्हणायचं. आबाजी ओसरीवरून हाक द्यायचे आणि घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून, न्हाणीतून, माळ्यावरून, मागच्या गोठ्यातून ‘जी’ यायचा. प्रत्येकाचा निराळा. आजीचा बारीक आणि लांबवलेला, हातातलं पीठ न झटकता दिलेला. गड्याचा जाड नि तुटक, बैलाच्या गळ्यातल्या लाकडी लोढण्यासारखा. आईचा अर्धा गिळलेला, कारण तिचं माहेर सोलापूरकडचं आणि तो शब्द तिच्या तोंडात कधी नीट बसलाच नाही. आलेल्याला ‘बसा ना जी’. बाजारात ‘कसे देल्ले जी?’ मयतीच्या घरी दाराशी उभं राहून हलक्या आवाजात ‘कसं झालं जी?’ आणि भांडणातसुद्धा, ‘काऊन जी, डोये फुटले का?’ समोरच्याचे डोळे फुटले का हे विचारतानाही मान सुटायचा नाही. संत्र्याच्या मोसमात ओसरीवर दलाल बसलेले असायचे, सौदा फिसकटत आला की दोन्हीकडचे ‘जी’ वाढायचे. लहानपणी मला वाटायचं की ज्याचे ‘जी’ जास्त तो हरतोय. बहुतेक वेळा तसंच असायचं.

१९८३ साली आईची पोस्टातली बदली पुण्याला झाली, बाबांना इथल्या एका शाळेत नोकरी मिळाली, आणि मी पाचवीत एका नव्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरीत माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘जी.’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी हसणं थांबवलंही नाही. मग महिनाभर मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याला जी. ‘डबा खाल्ला का जी?’ ‘लंगडी खेळता का जी?’ जी लांबवून, मान वाकडी करून. मी घरी येऊन मोरीतल्या आरशासमोर सराव केला: हजर, ओ, काय हो, हजर, ओ. दिवाळीपर्यंत माझा जी गेला. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काऊन’चं ‘का’ झालं, ते सगळं हळूहळू आणि नकळत. पण जी मी ठरवून काढला, पायातला काटा काढतात तसा. सुट्टीत गावी गेले, आबाजींनी नेहमीसारखी हाक मारली आणि मी ‘ओ’ दिली. ते थोडे थांबले. ‘पुण्याची झाली पोरगी,’ म्हणाले आणि हसले. ते कौतुक होतं का, मला आजही सांगता येत नाही.

माझ्यामागे आजीने त्यांना विचारलं म्हणे, पोरीले कानाचं काही झालं का.

लाजण्यासारखं खरं तर काही नव्हतंच. ज्या भाषेत मला हसले तिच्यातला सगळ्यात मोठा ग्रंथ उघडतो तोच ‘ॐ नमो जी आद्या’ असा. शेकडो वेळा ही ओवी म्हटली, लग्नात-कार्यात ऐकली, पण त्या आद्य परब्रह्माला ज्ञानदेव आमच्या ओसरीवरचाच शब्द लावताहेत, हे कानाला कधी खटकलंसुद्धा नाही. पुढे तर जीच जी. निवृत्तिनाथांशी बोलताना जी, श्रोत्यांची मनधरणी करताना जी, अर्जुन कृष्णाला शंका विचारतो तेव्हा जी. आणि आमच्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी एकेकाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र लिहिलं. त्यातले भक्त स्वामींना उत्तर देताना ‘जी जी’ म्हणतात. बाबांनी एकदा त्यातलं पान वाचून दाखवलं होतं तेव्हा मला हसू आलं, कारण आमचा गडी बोलतोय असं वाटलं. मी पाचवी ‘ब’ला हे सगळं ऐकवलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पाचवीतल्या पोरी ज्ञानेश्वरीचा दाखला ऐकून थांबत नाहीत.

मग बाकीच्या मराठीतून हा जी गेला कुठे? मला वाटतं, तो नावांमध्ये शिरला आणि तिथेच झोपी गेला. शहाजी, शिवाजी, संभाजी, तानाजी, महादजी, कान्होजी. भटजी, गुरुजी, भाऊजी. दगडात शिंपला रुतून बसावा तसा. इतका रुतलाय की आपल्याला तो वेगळा ऐकूच येत नाही. ‘शिवाजी’ म्हटलं तर मराठी माणसाला एकेरी वाटतं, पुढे ‘महाराज’ लागतंच. बोरीबंदरच्या स्टेशनाला १९९६ साली ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ नाव मिळालं तरी सल राहिला होता. २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं. ऑफिसातला एक लखनौकडचा सहकारी बोलताना ‘शिवाजी जी’ म्हणाला होता आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर पोट धरून हसलो होतो. आता वाटतं, त्याचं काय चुकलं? नावातला जी त्याच्याही कानाला मेला होता आणि आमच्याही. त्याने त्याच्या पद्धतीने पुन्हा मान दिला, आम्ही आमच्या.

याच्या उलटही झालं. मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आपल्या कागदपत्रांत बाबासाहेबांचं नाव ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असं पुरतं लिहायचं ठरवलं. तेव्हा तिथे राम नाईक राज्यपाल होते, त्यांची ही सूचना. मराठी माणसाला यात वाचण्यासारखं काही नाही: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळेच्या दाखल्यापासून आपलं तसंच असतं. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, त्यांचा मुलगा. पण मधे वडिलांचं नाव घालायची रीत नसलेल्या मुलखात ‘रामजी’ म्हणजे अयोध्येचे रामजी, दुसरं कोण? गदारोळ झाला. दोन्ही बाजूंचं राजकारण सोडून द्या, मला त्यात दिसला तो तो एवढासा जी. एका भाषेत वडिलांच्या नावात विरघळलेला, आणि नर्मदा ओलांडताच पुन्हा उठून हात जोडून उभा राहिलेला.

सुटा जी मराठीत उरला तो दोनच ठिकाणी. एक पोवाड्यात. शाहिराने ओळ टाकली की मागचे झीलकरी कानावर हात ठेवून ‘जी जी रं जी जी’ धरतात. ती ओळ उचलून धरणं आहे, ‘सांगा, आम्ही ऐकतोय’ असं. खरं तर हाकेला दिलेली ओच ती, फक्त डफावरची. दुसरं ठिकाण म्हणजे ‘हांजी हांजी करणे’. आमच्याकडे लाचारीसाठी होयबा, लाळघोट्या, लोणी लावणारा असे घरचे शब्द असताना हा एक आणखी उत्तरेकडून आणावासा वाटला, यावरूनच काय ते समजावं. आदराचा शब्द आम्ही मागवला तो चेष्टेसाठी. आणि तरी माझंही मन पूर्ण साफ नाही. मराठी बातम्यांत निवेदिका कुणाला ‘कुलकर्णीजी, आपण काय सांगाल?’ विचारते तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडते. आमचा मान पहिल्या नावाला चिकटतो: माधवराव, सुमनताई, आबासाहेब, गोदाकाकू. आडनावाला जी लावला की ते घराच्या दारावरच्या पाटीशी बोलल्यासारखं वाटतं. बाबांना मी हे ऐकवलं. ते म्हणाले, ‘तुला तो जी परका वाटतो की गावंढळ, ते आधी ठरव.’

हिंदी बोलताना आमचा गोंधळ तर वेगळाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी दिल्लीहून आलेल्या मोठ्या साहेबांना मी अदबीने विचारलं होतं, ‘सर, तुम कब निकलोगे?’ खोलीत एकदम शांतता. माझ्या मनात ‘तुम्ही’ होतं, ते ‘ही’ गाळून हिंदीत उतरलं इतकंच. मी माझ्या परीने आदरार्थी बहुवचनच वापरलं होतं. त्यांच्या कानाला मात्र मी साहेबांच्या खांद्यावर हात टाकला होता. पुढे ‘आप’ शिकले, पण क्रियापद काही केल्या त्याच्या जोडीला येईना. आप बैठो, आप बोलो. अर्ध्या महाराष्ट्राचं हिंदी असंच, वर कोट आणि खाली घरातली विजार. ‘पिताजी आए हैं’ म्हणजे एकच माणूस आलाय आणि तरी सगळं वाक्य उठून उभं राहिलंय, हे शाळेत घोकून कळत नाही. तिथे तर माणसांपुरतंही नसतं ते. दहा वर्षांपूर्वी मथुरेला विश्राम घाटावर नावाडी नदीला ‘यमुनाजी’ म्हणत होता, ‘यमुनाजी आज थोड़ी ऊपर हैं’, शेजारच्या काकूंची तब्येत सांगावी तसं. गोवर्धन पर्वत ‘गिरिराजजी’, तुळस ‘तुलसीजी’. वृंदावनात माकडाने माझा चष्मा पळवला तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. वाटाड्याने कानावर हात ठेवले. ‘हनुमानजी के हैं, बहनजी, ऐसे मत बोलिए.’ आमचा गणपती येतो नि जातो, विठू तर उभाच आहे, त्याला आम्ही ‘तू’ म्हणतो आणि आईलाही ‘तू’. फार जवळचं असलं की आम्ही मान काढून घेतो. मला हे आवडतं, बदलायचं नाही. पण चष्मा नसताना त्या गल्लीत उभी होते तेव्हा ते ‘बहनजी’ बरं वाटलं होतं, हेही खरं.

शब्दांचं नशीबही माणसांसारखं वरखाली होतं. ‘साहेब’ मुळात अरबी, आणि तिथे त्याचा पहिला अर्थ सोबती, बरोबर असणारा. तो चढत चढत खुर्चीत जाऊन बसला. ‘भैया’ म्हणजे सख्खा भाऊ, संस्कृत ‘भ्रातृ’पासून आलेला, तो आमच्याकडे येता येता रस्त्यावर उतरला, दूधवाला, भेळवाला, रंगवाला, आणि मग ती एक शिवीच झाली. ‘बाई’चं त्यांच्याकडे काय झालं ते आपल्याला माहीत आहे, अहिल्याबाई आणि लक्ष्मीबाई होऊन गेल्या तरी. मी काही मुद्दाम शिवी दिली नव्हती. तोंडातून गेलं. बहिणीला कळावं म्हणून गेलं, आणि तिला लगेच कळलं, हेच तर.

तिसऱ्या दिवशी भिंतींवर रंगाचा पहिला हात मारून झाला होता. दुपारी तो बाल्कनीत डबा खायला बसला. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, कच्चा कांदा, कागदात बांधलेली हिरवी मिरची. खाऊन झाल्यावर त्याने फोन लावला, स्पीकरवर, कारण हात रंगाचे. मी दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडे लहान मूल होतं, चार-पाच वर्षांचं असेल. ‘जी बेटा,’ तो म्हणाला. ‘जी. खाना खाया आपने? अच्छा जी. दादी को तंग तो नहीं किया?’ मूल काहीतरी लांबलचक सांगत होतं आणि हा मधेमधे फक्त ‘जी’ म्हणत होता. ‘जी. जी. फिर?’ झील धरल्यासारखा. मी हातात टॉवेल घेऊन उभी. मला आठवेना की मला माझ्या लहानपणी कुणी ‘अहो’ म्हटलं होतं का. मीही माझ्या मुलाला कधी म्हटलं नाही. ‘काय साहेब, झाला का अभ्यास?’ असं म्हटलं असेल, पण ते टोमण्यात. फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘आप बोलेंगे तभी तो आप सीखेगा,’ तो जरा संकोचून म्हणाला, आणि बोटं तारपीनच्या चिंधीला पुसायला लागला. मी ‘हां, बरोबर है’ असं आमच्या हिंदीत म्हटलं आणि कपडे घेऊन आत आले.

बाबांची मात्र त्याच्याशी गट्टी जमली होती. तो आपल्या वडिलांशी फोनवर ‘रउआ’ म्हणतो हे ऐकून बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. भोजपुरीतलं ‘आपण’, ‘राजकुल’ शब्दातून आलेलं, म्हणजे आपला ‘राऊळ’ तोच. आणि रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना महानुभाव लोक ‘राऊळ’ म्हणतात! बाबांनी हे सगळं त्या माणसाला सांगितलं, ब्रश वाळत असताना. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, ‘जी’ म्हणत. कळलं किती कोण जाणे. नंतर चहाच्या वेळी मी आतून ऐकलं, बाबा त्याला विचारत होते, ‘आणखी घेता का जी?’ हिंदी नव्हती ती. पुण्याची मराठीही नव्हती. ‘जी’, तो म्हणाला, आणि कप पुढे केल्याचा आवाज आला. मला चार दशकांत बाबांच्या तोंडून तो शब्द ऐकल्याचं आठवत नाही. आमच्यासाठी त्यांनीही सोडला होता का, की आम्ही घरी नसताना बोलायचे?

पाचव्या दिवशी काम संपलं. हिशेब झाला, ठरल्यापेक्षा पाचशे जास्त दिले, ते का दिले ते मला माहीत होतं आणि बहुधा त्यालाही. त्याने नोटा मोजल्या नाहीत. नंबर देऊन गेला. मी तो आधीच साठवला होता, पहिल्या दिवशी, ‘भय्या रंग’ या नावाने. बदलायचा राहिला.

पावसाळा संपता संपता न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीला ओल धरली आणि नव्या रंगाचे पोपडे सुटायला लागले. दिवाळीनंतर मी फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे बायकांची गाणी, भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं; छठसाठी गावी गेला असणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘जी?’ अगदी लहान आवाज. मी गडबडले. ‘बेटा, पापा को फोन दो’ म्हणायला तोंड उघडलं, ‘दीजिए’ म्हणावं की काय असा विचार आला, आणि त्या दोहोंच्या मधलं, आमच्याकडचं, ‘पापा को फोन देना’ असं बाहेर पडलं. ‘जी,’ ते म्हणालं. मग पावलं, पळण्याची. मग लांबून, गाण्याच्या वरच्या पट्टीत: ‘पापा, आपका फोन! पुणे से कोई आंटी जी हैं!’

‘आंटी’ला मी तोंड वाकडं करत होते. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, कोणाचा फोन आहे. तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.